तेरा डोळ्यांची चाळण

पिंपळवंडीच्या आमच्या घरात कोंबडा आरवायच्या आधी आईची भांडी आरवायची. तिला हळू काम करणं जमायचंच नाही. हंडा चुलीवर ठेवला तर धाडकन, परात भिंतीला टेकवली तर खणकन, पलीकडच्या आळीतल्या बायकांना आमच्याकडे भाकरी कधी झाली ते घरबसल्या कळायचं. नाना, म्हणजे माझे वडील, तिला चिडवायचे, "हिच्या हातात कापूस दिला तरी वाजवून दाखवंल ही." आई चिडायची नाही, उलट आणखी जोरात आपटायची. मग त्या सगळ्या खणखणाटात नानांची पेटी सुरू व्हायची. धारा झाल्या, डेअरीला दूध गेलं, की नाना ओसरीवर मांडी घालून बसायचे. डाव्या हातानं भाता, उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर, आणि एकच अभंग इतका वेळ घोळवायचे की कपातला चहा निवून त्यावर साय धरायची. मी शेजारी बसून दप्तर भरायचे आणि त्यांची बोटं बघायचे. त्यांनी मला पेटी कधी शिकवली नाही, मीही मागे लागले नाही. पण कुठल्या शब्दाला कुठली पट्टी खाली जाते, हे मला शाळेतल्या कवितांपेक्षा चांगलं पाठ होतं. पुढे सगळं त्याच्यावरच निभावलं.

कडबाकुट्टी घरात आली ती होळीच्या आसपास. विजेवरची, नवी कोरी. विळ्यानं तोडायला तास लागायचा तेवढा कडबा ती बघता बघता बारीक करायची, आणि नानांना तिचं भारी कौतुक. महिनाभरातच ती दुपार आली; तिच्याबद्दल मी फार लिहिणार नाही, लिहवतच नाही. पेंढी आत सारताना नानांचा उजवा हात पेंढीबरोबर ओढला गेला, आणि दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा त्या हाताला नुसता अंगठा होता. जखम दोनेक महिन्यांत भरली, पण नाना काही पहिल्यासारखे झाले नाहीत. खांद्यावरचा टॉवेल हातावर आला तो आलाच. जेवायला बसायचे ते आमची सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, एकटे, डाव्या हातानं. दारात कुणी पावणं दिसलं की मागच्या दारानं गोठ्यात. दर गुरुवारी आमच्या ओसरीवर भजन बसायचं, ते मंडळींनी दुसऱ्या घरी हलवलं. नानांच्या जिवाला त्रास नको, अशा चांगल्या मनानं हलवलं, पण नानांनी ते इतकं लावून घेतलं की गावात पाऊल टाकणंच सोडलं. पेटीवर आईनं एक जुनी गोधडी टाकली होती. ती गोधडी हलवायची हिंमत घरात कुणाला नव्हती.

पाऊस उघडीप द्यायला लागला तेव्हा एक दिवस कळंबचे बुवा आले. हे नानांचे जुने सोबती. बुवांनी गायचं आणि नानांनी पेटीवर साथ करायची, असं दोघांनी मिळून मंचरपासून ओतूरपर्यंत गावंच्या गावं जागवलेली. त्यांना मात्र नाना चुकवू शकले नाहीत, कारण बुवा सरळ गोठ्यातच गेले आणि गव्हाणीवर बसून गप्पा मारायला लागले. मी आणि आई आत कान देऊन होतो. नाना म्हणाले, "बुवा, पेटी घिऊन जावा. घरात नको आता. बघवत न्हाई."

बुवा म्हणाले, "एवढी घाई कशाला, नाना?"

"दसऱ्याला या. चांगला दिवस हाये. तुमच्याकडं वाजंल तरी."

आईच्या हातात तेव्हा तांब्या होता. तो तिनं इतक्या हळू खाली ठेवला की आवाज आला नाही. जन्मात पहिल्यांदा. मला त्याचीच भीती वाटली. पेटी गेली तर नाना ओसरीवर परत कधी बसायचे नाहीत, हा माणूस आयुष्यभर गोठ्यातच राहील, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं.

मी तेव्हा किमान कौशल्याला होते. आजच्या पोरांना सांगायला पाहिजे: अकरावी-बारावीला शास्त्र नाही, कला नाही, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकायची. वर्गात आम्ही तीनच पोरी, आणि सोल्डरिंग करताना हात न भाजणारी मी एकटी, हे मी आजही ऐटीत सांगते. त्याच महिन्यात सरांनी आम्हाला चोर पकडायची घंटा करायला लावली होती. तिच्यात वाटाण्याएवढा एक चपटा डोळा असायचा. त्याच्यावर उजेड पडला की तो वीज सोडायचा, अंधार झाला की अडवायचा. चोरानं बॅटरी मारली की उजेड डोळ्यावर पडणार आणि घंटा वाजणार. बाकीच्यांनी घंटा वाजवली, मार्क घेतले, घरी गेले. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. एका डोळ्यानं एक घंटा वाजते, तर तेरा डोळ्यांनी पेटीच्या तेरा पट्ट्या का वाजू नयेत? पत्र्याचा एक पोकळ ढोल घ्यायचा, त्याच्या आत दिवा लावायचा, आणि जिथे जो सूर पाहिजे तिथे पत्र्याला भोक पाडायचं. ढोल फिरला की भोकातून उजेड त्या त्या डोळ्यावर पडेल, डोळा आपली पट्टी दाबेल. नानांच्या बोटांचं काम उजेड करील. मी लगेच वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलं आणि एसटीत शेजारच्या बाईला दाखवलं. ती म्हणाली, "छान हाये गं, रांगोळी का?"

माझी लेक हिंजवडीला कंप्युटरवर काम करते. मागच्या वर्षी तिला हे सगळं पहिल्यांदा नीट सांगितलं तर म्हणाली, "आई, अगं याला सिक्वेन्सर म्हणतात, लोक विकत घेतात." म्हणत असतील. आम्ही त्याला चाळण म्हणायचो. का ते पुढे येईलच.

कारखाना मांडला तो कांद्याच्या बराखीत. आमच्याकडे कांदा साठवायला बांबूच्या पट्ट्यांची, वारा खेळेल अशी लांबोडी कोठी असते, ती बराख. निम्मे कांदे विकून झाले होते, निम्मी जागा मोकळी. वास तर असा की सोल्डरच्या धुरानं डोळ्यांत पाणी आलं की कांद्यानं, ते ओळखू यायचं नाही. डोळे सरांनी पुण्याहून आणून दिले. जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देणाऱ्या दुकानातून तांब्याच्या तारेचे उरलेसुरले तुकडे मागून आणले आणि आईच्या दोऱ्याच्या रिकाम्या रिळांवर गुंडाळले. आत खिळा सैल सोडला की वीज आल्यावर तो खटकन खाली यायचा. असे तेरा खिळे, तेरा पट्ट्यांसाठी. ढोल फिरवायला भंगारातली ट्रकच्या वायपरची मोटर, ढोलाच्या कण्यावर जुन्या सायकलची रिम, आणि दोघांच्या मध्ये आईच्या शिलाई मशीनचा जुना पट्टा. सगळं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, कारण आमच्या गावच्या विजेवर कुणी इतका विश्वास टाकला नसता. नानांना सांगितलं, कालिजाचं काम आहे. त्यांनी "बरं" म्हटलं. त्या दिवसांत ते सगळ्यालाच "बरं" म्हणायचे.

पेटीला तर हात लावायचा नव्हता. मग खिळ्यांखाली ठेवल्या स्वयंपाकघरातल्या वाट्या. आईला एक दिवस आमटी वाढायला वाटी सापडेना. ती तरातरा बराखीत आली, बघते तर तिच्या लग्नातल्या सगळ्या वाट्या ओळीनं मांडलेल्या. "अगं बाई! हे काय मांडलंय पंगतीवानी?" मी तिला सगळं सांगितलं. नानांच्या पेटीसाठी आहे म्हटल्यावर ती खाली बसली, पदरानं नाक पुसलं, आणि म्हणाली, "चहाच्या बशा देऊ का? त्या बारीक वाजत्यात." त्या दिवसापासून ती कामाला लागली. माझं पाठांतर कितीही पक्कं असलं तरी कुठला सूर किती लांब, ते मला सांगता येत नव्हतं. आईला येत होतं. वीस वर्षं तिनं तो अभंग चुलीपुढे बसून ऐकला होता. ती भाकरी थापत गुणगुणायची आणि मी कागदावर आडव्या रेघा मारायचे, लांब सुराला लांब रेघ, आखूड सुराला ठिपका. मध्येच ती थांबायची. "हितं त्यो दम घेतो." मी विचारलं, किती? ती म्हणाली, "त्याच्या मनाला यील तेवढा." आता याची रेघ कशी मारायची? मी आपली एक बोटभर जागा मोकळी सोडली आणि पुढे गेले.

ढोल करून घ्यायला मी जुन्नरला गेले. तिथे पत्र्याचं काम करणारे मेहबूबचाचा होते. चाळण्या, नरसाळी, धान्याच्या कोठ्या, सगळ्या तालुक्याला त्यांचाच पत्रा. आईनं बरोबर मासवड्यांचा डबा दिला होता, कारण तिच्या मते मासवडी खाल्लेला माणूस नाही म्हणूच शकत नाही. चाचांनी माझा रेघांचा कागद पत्र्यावर गुंडाळून बघितला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बेटी, चाळण करायचीय तर भोकं सारखी पाड. ही कसली? एक लांबडं, एक बारकं. ह्यातून बाजरी बी जाईल आन खडा बी."

"चाचा, बाजरी नाही चाळायची. अभंग चाळायचाय."

ते हसले नाहीत. मी नानांच्या हाताचं सांगितलं तसं त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि तो कागद परत पहिल्यापासून बघितला, प्रत्येक रेघेवर बोट फिरवत. दोन दिवसांनी गेले तर ढोल तयार. प्रत्येक भोकाची कड त्यांनी कानशीनं घासून गुळगुळीत केली होती. उजेडाला कडेचं काय पडलंय, असं मी मूर्खासारखं म्हणाले. चाचा म्हणाले, "सूर फाटला नाय पायजे, पोरी." डबा मात्र धुऊन परत दिला, आणि आईला निरोप, मीठ जरा कमी. आईनं तो निरोप कितीतरी दिवस मनात ठेवला होता.

पहिल्याच दिवशी चाळण भुतासारखी वाजायला लागली. ढोल थांबलेला, दिवा बंद, आणि वाट्या आपल्या टिंग टिंग. मी घाबरले, आई तर देवाचं नाव घेत मागे सरली. मग लक्षात आलं, बराखीच्या पट्ट्यांमधून उतरतं ऊन आत येत होतं आणि सरळ डोळ्यांवर पडत होतं. औषध फवारायच्या पंपाची जुनी रबरी नळी कापून प्रत्येक डोळ्याला बोटाच्या पेराएवढं नळकांडं बसवलं, म्हणजे समोरच्या भोकाशिवाय कुठलाच उजेड आत शिरायला नको. डोळ्यांची ती फळी बिजागरीवर होती, दारासारखी उघडायची आणि ढोलापुढे लावायची. आता वाट्या शहाण्यासारख्या वाजायला लागल्या. वाट्यांना सूर कसले असणार, नुसता खणखणाट; पण त्या खणखणाटात अभंग होता. आई ऐकता ऐकता रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, वाट्या आहेत त्या." ती म्हणाली, "मला ठाऊक हाये, माझ्याच हायेत."

दसऱ्याच्या सकाळी आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. अंगणात सडा टाकून विळे, खुरपी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, सगळं धुऊन-पुसून मांडायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. जड वस्तूंची जागेवरच. वर्षभर ज्यांनी पोट भरलं त्यांच्या एक दिवस पाया पडायचं. नाना डाव्या हातानं विळे पुसून देत होते. आई ताट घेऊन एकेकाला कुंकू लावत कडबाकुट्टीपाशी आली आणि थांबली. मला वाटलं ती आता ताटच फेकणार.

नाना मागून म्हणाले, "तिलाबी लाव."

"न्हाई लावायची."

"लाव गं. तिचा काय दोष? म्या पेंढी जास्ती रेटली." आईनं लावलं, पण फूल नाही वाहिलं. नाना स्वतः उठले आणि डाव्या हातानं त्यांनी कडबाकुट्टीवर एक फूल ठेवलं. मग टॉवेल सावरत गोठ्यात निघून गेले. मी तोंड फिरवून बॅटरी आणायला ट्रॅक्टरकडे पळाले. मला रडायचं नव्हतं, मला त्या दिवशी खूप काम होतं.

दुपारी बुवा आले. पुरणपोळी, आमटी, कुरडया, सगळं झालं, पण कुणाचंच लक्ष जेवणात नव्हतं. बुवांच्या जीपमध्ये पेटी ठेवायला सतरंजी अंथरलेली मी बघून आले होते. नानांनी स्वतः गोधडी काढली आणि पेटी ओसरीवर आणली. तेवढ्यात मी आडवी आले. "नाना, एकदाच. नेण्याआधी एकदाच माझं कालिजाचं काम लावून बघू?" ते "बरं" म्हणाले. मी आणि आईनं चाळण उचलून आणली, पेटीच्या पट्ट्यांवर खिळ्यांची चौकट बसवली, डोळ्यांची फळी ढोलाला भिडवली, आणि मी भात्यावर हात ठेवला. शेजारची चार माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. मी म्हटलं, "नाना, ऐका हं, तुमचाच अभंग आहे." आणि बटण दाबलं.

दिवा लागला. ढोल फिरला. भाता फुस्स फुस्स करत राहिला. सूर एकही नाही. ढोलाची अख्खी फेरी झाली, दुसरी झाली, आणि मी भाता मारतेय, मारतेय. कुंपणापाशी कुणीतरी हसलं. नानांचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही आपल्या तुटलेल्या हातापायी पोरगी येडी झाली. "बंद कर, नंदे," एवढंच म्हणाले आणि गोठ्याकडे चालू लागले.

मी तारा ओढल्या, बॅटरी तपासली, फळी उघडली. आणि बघते तर काय! तेराच्या तेरा नळकांडी आतून लालभडक. तळाशी असलेल्या प्रत्येक डोळ्यावर कालवलेल्या हळदी-कुंकवाचा जाड लपका, वर तांदळाचा एकेक दाणा.

"आई! हे कुणी केलं?"

आई दारात उभी. तिला अजून कळलंच नव्हतं. "म्या केलं. सकाळी, तू ब्याटरी आणाया गेलतीस तवा. तूच म्हनलीस ना, हे त्याचं डोळं हायेत? मग समद्यांची पूजा केली आन ह्याची न्हाई करायची व्हय? बोट आत जाईना म्हनून काडीला कापूस लावून लावलं. एकबी सोडलं न्हाई."

मी तिला जे बोलले ते इथे लिहिणार नाही. चारचौघांत, सणाच्या दिवशी, आईला अडाणी म्हणाले. ती वात करायचा कापूस आणि काड्या घेऊन आली आणि माझ्या शेजारी खाली बसली. आज तिला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्या एका शब्दासाठी मला अजूनही स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटतं. तिच्याइतक्या मनापासून त्या यंत्राची पूजा दुसऱ्या कुणी केली असती का?

बुवांनी या वेळात पेटी उचलून न्यायला हवी होती. पण ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "वैनी, मला आनखी कपभर च्या पायजे." आई उठणार तर म्हणाले, "सावकाश. डोळं पुसून झाल्याव." तो चहा झाल्यावर त्यांनी पान मागितलं. पान झाल्यावर सुपारी जून आहे म्हणून दुसरी मागितली. आम्ही मायलेकी एकेक डोळा रॉकेलच्या बोळ्यानं पुसत होतो आणि हा भला माणूस वेळ काढत होता. तेरावा डोळा पुसून झाला तसं ते स्वतःच म्हणाले, "हं, पोरी. लाव आता."

पेटी वाजली. सहा महिने मुकी असलेली पेटी एकदम बोलली आणि कुंपणावरचा हसणारा माणूसही गप्प झाला. खिळे खटाखट खाली येत होते, पट्ट्या आपल्या आपण दबत होत्या, आणि अभंग चालला होता. चालला कसला, पळत होता. वायपरची मोटर ती, तिला काय पावसाचं पाणी काय नि अभंग काय, सगळं एकाच झटक्यात सारायचं. आईनं सांगितलेली दम घ्यायची जागा आली आणि माझ्या बोटभर रिकाम्या पत्र्यावरून सटकन निघून गेली.

"आरं थांब! थांब!"

गोठ्याच्या दारातून नाना येत होते, जवळजवळ धावत. "तितं दम घ्यायाचा असतो! कुणी शिकवलं तुला असं हाकायला? बैल हायेत का ते?" सहा महिन्यांत नाना इतकं एका दमात बोलले नव्हते. ओसरीवर चढले, खाली बसले, आणि डाव्या हातानं मोटरीचा पट्टा रिमवरून काढून टाकला. ढोल थांबला. मग ते रिमकडे बघत राहिले. रिम त्यांच्या उजव्या अंगाला होती. डावा हात तिथवर नीट पोचत नव्हता.

मी भाता मारत राहिले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. नानांनी टॉवेल बाजूला टाकला आणि उजव्या हाताचा तळवा सायकलच्या रिमवर ठेवला. रिम फिरवायला बोटं लागत नाहीत. त्यांनी ती हळूच पुढे सरकवली. पहिला सूर आला, दुसरा आला. दम घ्यायची जागा आली तसा त्यांनी त्याच्या आधीच्या सुरावरच तळवा दाबून रिम थांबवली. भोक डोळ्यापुढे तसंच उभं, उजेड डोळ्यावर तसाच, आणि सूर तुटेना. लांबत गेला, लांबत गेला, नानांच्या मनाला येईल तेवढा. हे असं होऊ शकतं, हे यंत्र बनवणाऱ्या मलासुद्धा माहीत नव्हतं. मग त्यांनी तळवा सैल सोडला, मोकळी जागा सरकली, आणि बुवांनी तिथून शब्द उचलला. भिंतीला टेकलेले बुवा कधी ताठ बसले ते कळलंच नाही. बुवा गात होते, नाना लय धरत होते, कडव्याला रिम मागे घेऊन तीच ओळ परत आणत होते. माझे दोन्ही दंड भरून आले, पण मी भाता सोडला नाही. आई चौकटीला धरून उभी होती आणि मोठ्यानं, अगदी मोठ्यानं रडत होती.

किती फेऱ्या झाल्या कुणास ठाऊक. थांबले तेव्हा नाना घामानं भिजले होते. "तिसऱ्या ओळीत एक भोक चुकलंय," मला म्हणाले. "बाकी ठीक हाये." मी ते "ठीक" आजवर कुणाच्या शाबासकीला बदलून दिलं नाही.

उन्हं उतरली तसे बुवा उठले. नाना म्हणाले, "बुवा, ती पेटी..."

"कोनती पेटी?" बुवा चप्पल घालता घालता म्हणाले. "म्या तं सोनं द्याया आलतो." आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून आपट्याची पानं काढली. दसऱ्याचं सोनं उजव्या हातात द्यायचं आणि उजव्याच हातात घ्यायचं, हे काय कुणी कुणाला शिकवावं लागतं? नाना क्षणभर घुटमळले. मग त्यांनी उजवा तळवा पुढे केला. बुवांनी त्यावर पानं ठेवली, आपल्या दोन्ही हातांनी तो हात मिटून धरला, आणि नानांना छातीशी ओढलं. "सोन्यासारखं ऱ्हावा, नाना." दोघंही बराच वेळ तसेच उभे होते.

जीप गेल्यावर नाना आत आले. देवापुढच्या आपट्याच्या पानांचा सगळा ढीग त्यांनी सदऱ्याच्या दोन्ही खिशांत भरला, टोपी घातली, आणि कुणाला काही न सांगता गावात निघून गेले. आम्ही जेवायचे थांबलो. आईनं दोनदा आमटी गरम केली, तिसऱ्यांदा दारात जाऊन उभी राहिली. ते आले तेव्हा खिसे रिकामे होते आणि कपाळावर कुणाकुणाच्या घरचं गंध होतं.

"आवं, एवढा उशीर?" आई म्हणाली. "सोनं द्याया एवढा वेळ लागतो का?"

नाना पाटावर बसले, आमच्याबरोबर, आमच्याच पंगतीत. "लई जण भेटायचे ऱ्हायले व्हते," म्हणाले, आणि ताट पुढे ओढलं.